सेटिंगभाऊ

नाटक रात्री दहाला लागणार असेल, तर सेटिंगभाऊ दुपारी तीनला मंडपात हजर असतो. त्या वेळी मंडपच पुरता उभा नसतो. डेकोरेशनवाल्याची पोरं बल्ल्या गाडत असतात, पडदे टेम्पोतून उतरायचे असतात आणि जिथं स्टेज होणार तिथं कोणाची तरी म्हैस रवंथ करत बसलेली असते. सेटिंगभाऊ म्हशीला वळसा घालतो, हातानं जमीन झाडतो, त्यावर खांद्यावरची काळी बॅग ठेवतो आणि साउंडवाल्याला हाक मारतो.

"लाइनी किती भेटतीन जी?"

"एक."

"चार पायजेत."

"एक भेटन."

हा संवाद मी दहा-बारा हंगाम ऐकतो आहे. गावं बदलली, मंडप बदलले, एका ठिकाणी तर साउंडवाल्या बापाच्या जागी त्याचा मुलगा आला. आकडे तेच राहिले. "एक भेटन" ऐकलं की सेटिंगभाऊ बॅगेशेजारी उकिडवा बसतो. कोर्टात पुढची तारीख पडल्यावर माणूस बसतो ना, तसा. मग चेन उघडतो, यंत्र बाहेर काढतो आणि कामाला लागतो.

त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथंच राहू दे. गोसीखुर्द धरणाच्या आसपास पाच-दहा गावांत त्याला सेटिंगभाऊ म्हणूनच ओळखतात. मी शाळेत मास्तर, आणि दिवाळी ते होळी रात्रीचा ऑर्गनवाला. माझ्या किरकोळ रजा नेमक्या नाटकांच्या दुसऱ्या दिवशी का पडतात हे मुख्याध्यापकांना ठाऊक आहे. तेही प्रेक्षकांत असतात.

बाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. दिवाळी झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. दिवसा जिलेबी, भजी, पाळणे, दंडार, रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या मोठ्या गावांना परवडतात. बाकी ठिकाणी गावचीच पोरं नायक-खलनायक होतात, नट्या बाहेरून येतात आणि आम्ही संगीतवाले भाड्यानं जातो. नाटक दहाला म्हणजे अकराला सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. लोक घरून चादरी, ब्लँकेटं, सतरंज्या घेऊन येतात, लहान पोरं दुसऱ्या अंकात झोपतात आणि मारामारीला उठवली जातात. ही झाडीपट्टी. २०२३ साली इथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांचीच छाती फुगली. सेटिंगभाऊ एवढंच म्हणाला, "कलाकाराले भेटली. एक ना एक दिवस वायरिंगलेही भेटन."

त्याचं यंत्र म्हणजे रोलँडचं सॅम्पलिंग पॅड. रबराचे नऊ चौकोन. काडीनं ठोकलं की त्यात भरलेला आवाज निघतो: ढोल भरा, वीज भरा, गाढव भरा. लोक त्याला ऑक्टोपॅड म्हणतात. १९८५ साली त्याच कंपनीचं पहिलं पॅड आलं त्याला आठ चौकोन होते, म्हणून ऑक्टो. ते नाव महाराष्ट्रभरच्या ऑर्केस्ट्रांत असं चिकटलं की आता काडीनं वाजणारं काहीही ऑक्टोपॅडच. सेटिंगभाऊला हे खपत नाही. कोणी "ऑक्टोपॅडवाले भाऊ" म्हटलं की तो थांबवतो. "ऑक्टो म्हंजे आठ. हे नऊ हायेत. नववा काय रस्त्यावर सापडला?"

धरणात गाव गेल्याचं पॅकेज मिळालं, तेव्हा बहुतेकांच्या दारात मोटारसायकल उभी राहिली. याच्या दारात पॅड आलं. वहिनींनी त्या दिवशी चूल पेटवली नाही म्हणतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "मोटरसायकल असती तं बाजारात तरी गेली असती. हे कुठी जाते?" प्रश्न बिनतोड होता, पण सेटिंगभाऊला विचाराल तर तेच उलट सांगेल: जाण्याच्या वाटा या यंत्राइतक्या कशालाच नाहीत.

आणि ते खरं आहे. यंत्राच्या मागच्या बाजूला भोकंच भोकं. मास्टर आउटची दोन, सब आउटची दोन, हेडफोनचं एक. कुठला आवाज कुठल्या भोकातून बाहेर पडावा हे पॅडागणिक ठरवता येतं. गाण्याचे ठेके मास्टरमधून, विजा-बंदुका सबमधून, म्हणजे साउंडवाल्याला ढोल न वाढवता नुसती वीज वाढवता येते. मोजणीची टिकटिक फक्त वाजवणाऱ्याच्या हेडफोनात, म्हणजे ठेका चुकत नाही आणि लोकांना घड्याळही ऐकू येत नाही. या व्यवस्थेत चुकीचं काही नाही. मोठ्या शहरांतले वादक असंच करतात. फक्त त्यांना चार लाइनी मिळतात.

आमच्याकडे एक. सबमध्ये टाकलेल्या विजा त्या एका लाइनीत येतच नाहीत. आतल्या आत कडकडतात. म्हणून सेटिंगभाऊला तीन वाजल्यापासून सबवरचं एकेक पॅड पुन्हा मास्टरवर आणावं लागतं. यंत्रात शंभर किट मावतात, एका किटमध्ये नऊ पॅड. हा बावीस किट वापरतो. म्हणजे १९८ वेळा मेनूत शिरा, बाणानं खाली या, बघा, बदला, बाहेर या. हे होईतो संध्याकाळ होते, म्हैस घरी जाते, मंडपात दिवे लागतात.

इथपर्यंत कोणीही समजू शकेल. मला जे समजायला दोन हंगाम लागले ते पुढचं. नाटक संपल्यावर सकाळी घरी जाऊन हा माणूस चहाही न घेता ते सगळं परत सबवर टाकतो. एकदा मी न राहवून विचारलं, अरे बाबा, उद्याही एकच लाइन मिळणार, मग कशाला?

"आन् उद्या कोनी चार देल्या त?" तो म्हणाला. "तवा मी काय सांगू? थांबा, माह्यं मास्टरवर हाये?"

ज्या घरी मंत्री कधीच येणार नाही, त्या घराच्या दाराला रोज ताजं तोरण बांधावं, तसा हा प्रकार. मला हसू आलं होतं, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी ते खोकल्यात घातलं.

हा स्वभाव त्याला धरणानं दिला असं माझं मत आहे. गोसीखुर्द हे गाव म्हणून कोणाला माहीत नाही. लोकांना ते पावसाळ्यातल्या बातमीतून माहीत: गोसीखुर्दचे ३३ पैकी अमुक दरवाजे अर्ध्या मीटरनं उघडले, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा सेटिंगभाऊ रांगत होता. तो चालायला लागला, शाळेत गेला, शाळा सोडली, लग्न केलं, त्याची पोरं चालायला लागली; कालव्यांचं काम चालूच. ३७२ कोटींचा अंदाज कित्येक हजार कोटींवर गेला, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. या सगळ्यात वाढलेल्या पोराला एक गोष्ट पक्की कळलेली असते: साठा किती याला अर्थ नाही, बाहेर कुठून निघतं ते बघा.

"मास्तर, धरन म्हंजे काय हाये?" पहिल्या भेटीतच त्यानं मला विचारलं होतं. मी वैनगंगा, सिंचन, अडीच लाख हेक्टर असं मास्तरकीचं सुरू केलं. त्यानं हात वर करून थांबवलं. "आउटपुट राउटिंग. पानी एक, दारं ३३. उजवा कालवा मास्टर, पार चंद्रपुराकडं आसोलामेंढ्याले जाते. डावा कालवा सब, त्याची लांबी उजव्याच्या पावभर. हेडफोन म्हंजे इंजिनेराची केबिन. तिथं काय चालू हाये ते बाहेर ऐकू येत नाई."

"आणि ऑडिओ इन?" मी गंमत म्हणून विचारलं. यंत्राला तेही भोक आहे, बाहेरचा आवाज आत घेणारं.

"नाग नदी," तो लगेच म्हणाला. "नागपूरचं सांडपानी नागेतून कन्हानीत, कन्हानीतून आपल्या धरनात. फरक एकच. माह्या पॅडवर त्याचा व्हॉल्यूम कमी करता येते."

पुढं पुढं त्याची ही भाषा गावाच्याही तोंडी बसली. यंत्रात लोकल कंट्रोल नावाची एक सेटिंग असते. ती ऑफ केली की पॅड ठोकलं तरी त्याचा स्वतःचा आवाज निघत नाही. ठोक्याची खबर तेवढी वायरीतून दुसऱ्या यंत्राला जाते आणि आवाज तिकडे होतो. सेटिंगभाऊनं ही सेटिंग समजावून सांगताना एका सरपंचाचं उदाहरण दिलं. "लोकल ऑफ हाये तो. इथं थाप मारा, आवाज भंडाऱ्यात निघते." तेव्हापासून आमच्याकडे बायका नवऱ्यांना लोकल ऑफ म्हणतात. दुसरी सेटिंग सॉफ्ट थ्रू: आत आलेली खबर जशीच्या तशी बाहेर पाठवायची, मध्ये हात लावायचा नाही. याला उदाहरण शोधावं लागलं नाही. पुनर्वसनाच्या अर्जांची फाइल बगलेत धरून फिरलेले दहा जण समोरच बसले होते.

आवाज गोळा करण्याचा नाद मात्र त्याला यंत्राच्याही आधीपासून. जुन्या टेपरेकॉर्डरवर त्यानं एस.टी.चा हॉर्न धरला, कोंबडा धरला, पाण्यात पडणारी बादली धरली. पॅड आल्यावर धरणाचा भोंगा धरला. दरवाजे उघडण्याआधी वाजतो तो. नदीकाठच्या एका गावात त्यानं तो खलनायकाच्या एंट्रीला लावला. आवाज एक नंबर होता. इतका, की मागच्या रांगा उठल्या, बायांनी झोपलेली पोरं खांद्यावर टाकली आणि एक म्हातारा "शेळ्या सोडा, शेळ्या सोडा" करत अंधारात पळाला. डिसेंबरचा महिना, नदीत गुडघाभर पाणी; पण भोंगा ऐकल्यावर महिना कोण बघतो? खलनायक बिचारा स्टेजवर एकटा उभा राहून हसत होता. तो भोंगा कमिटीनं बंद केला. सेटिंगभाऊचं म्हणणं आजही हेच की लोकांचा दोष. एंट्रीचा इफेक्ट मास्टरमधून गेला म्हणून खरा वाटला, सबमधून गेला असता तर नाटकातला वाटला असता.

पण त्याच्या संग्रहातला हिरा म्हणजे नऊ नंबरच्या पॅडवरचा खोकला. तो त्याच्या वडिलांचा. आबाजींना दम्याची ढास. आमच्याकडच्या नाटकात सावकार किंवा पाटील असतोच, आणि तो खोकल्याशिवाय स्टेजवर येत नाही. गावच्या पोरांना नकली खोकला जमत नाही, शिंक निघते. सेटिंगभाऊनं जुनं घर सोडायच्या आधीच्या हिवाळ्यात आबाजींना माइकसमोर बसवलं. "खोकला बाबा." आबाजी संध्याकाळभर बसले. एक नाही. उलट म्हणाले, आज लय मोकरं वाटून रायलं. रात्री दोनला झोपेत ढास लागली तेव्हा हा उशाशी माइक घेऊन जागा होता. साडेतीन सेकंदांचा माल. त्यात शेवटी घरघर आहे, नंतर एक उसासा, आणि त्या उसाशाच्या मागं कुठंतरी कवेलू सरकल्याचा बारीक आवाज. ते घर आता पाण्याखाली आहे. कवेलू पॅडात आहे.

तेव्हापासून आबाजी दर नाटकाला पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसतात. सावकार आला, पॅड वाजलं, की शेजाऱ्याला कोपर मारतात. "मीच होय हा." आणि सकाळी मुलाकडे हात पसरतात. "माही नाइट?" कलाकाराला रात्रीचा मोबदला मिळतो त्याला नाइट म्हणतात. बापलेकांत एका खोकल्याला वीस रुपये असा करार झालेला आहे.

आमच्यात आणखी एक म्हातारा होता, टिनवाले काकाजी. पॅड येण्याआधी वीज म्हणजे काकाजी. पडद्यामागं टांगलेला टिनाचा पत्रा दोन्ही हातांनी हलवायचा, की कडकडाट. घोडा म्हणजे नारळाच्या करवंट्या. पॅड आल्यावर त्यांचं काम गेलं, पण कमिटीनं माणूस काढला नाही. पत्रा टांगलेला राहिला आणि काकाजी त्याच्याखाली विडी ओढत बसून राहिले. सेटिंगभाऊ त्यांना मान देई, रोज नवीन काही समजावून सांगे. काकाजी सगळं ऐकत. हूं म्हणत. काय समजलं ते सांगत नसत.

मागच्या हंगामात सेटिंगभाऊला नवा शोध लागला. माझ्या ऑर्गनचा ठेका आणि त्याच्या पॅडमधले लूप दोन-चार मिनिटांत एकमेकांपासून सरकतात. दोन्ही एका घड्याळावर चालवायचे तर ऑर्गनच्या मिडी आउटमधून त्याच्या मिडी इनमध्ये एक वायर टाकायची. वायर त्यानं नागपूरहून आणली होती. दुसरा अंक संपून चहा चालू असताना त्यानं ती खिशातून काढली आणि सगळ्यांना टोक दाखवलं: पाच काड्या.

"पाच काड्या, पन कामाच्या तीनच. दोन खाली बसून रायतात."

"मंडरासारखं," काकाजी म्हणाले.

"आता नीट आयका. ह्या वायरीतून आवाज जात नाई. हुकूम जाते. कोनती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कवा सोडली. बस. १९८३ साली जपानच्या काकेहाशीनं आन् अमेरिकेच्या डेव्ह स्मिथनं सगळ्या कंपन्यांच्या डोक्यात हे घातलं का बाबा हो, येगयेगळ्या वायरी बनवू नका. एकमेकाच्या दुश्मन कंपन्या, पन वायर एक. दोघाले २०१३ साली ग्रॅमी भेटलं त्याच्यासाठी." काकेहाशी हे रोलँडचे संस्थापक, सेटिंगभाऊ त्यांचा उल्लेख नेहमी आदरानं, आणि घरातल्या काकासारखा करतो.

"आवाज जातच नाई?" काकाजींनी विचारलं.

"थेंबभर नाई."

"हूं."

वायर बसली. घड्याळ जुळलं. तिथं थांबायचं होतं. पण थांबणं ही त्याच्या मेनूत नसलेली एकच सेटिंग. या वायरीत सोळा चॅनल असतात. माझा ऑर्गन एक नंबरवर बोलतो, त्याचं पॅड दहावर ऐकतं. तालवाद्यांना दहा नंबर ही जगभरची रीत. वेगळे चॅनल आहेत म्हणूनच माझ्या पट्ट्यांचे हुकूम त्याच्या पॅडला लागू होत नाहीत, फक्त घड्याळ पोचतं. तिसऱ्या अंकाची घंटा व्हायच्या आत त्यानं दहाचं एक केलं. नंतर कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "एका मंडपात बसलो, एका किटलीतला चहा पेलो, मंग चॅनल येगळा काहून?"

मला यातलं काही माहीत नव्हतं. रात्रीचे साडेतीन. स्टेजवर खाटेवर आई. क्षयरोग. पायाशी मुलगा. पूर्ण मंडपात एक शब्द नाही, बायांचे पदर डोळ्यांपाशी तयार. मी काळी एकमध्ये करुण चाल धरली आणि सा दाबला.

कोंबडा आरवला.

मला वाटलं, गावातला असेल, वेळही तीच होती. कोमल रे दाबला. एस.टी.चा हॉर्न वाजला. दोन-तीन माणसांनी मागं वळून रस्त्याकडे पाहिलं. कोमल ग. बंदूक. खाटेवरची बाई वीस वर्षं झाडीपट्टीत घालवलेली, तिनं क्षणभरही न डगमगता छातीवर हात नेला आणि क्षयरोगाची होती ती गोळीनं मरायला लागली. मुलाला काही कळेना. मध्यमावर मोटारसायकल चालू झाली, पंचमावर आबाजी खोकले.

हिशेब असा होता, तो मला सकाळी कळला. सेटिंगभाऊनं नऊ पॅडना ६० ते ६८ या नोट दिल्या होत्या. ६० म्हणजे ऑर्गनची मधली पांढरी एक. काळी एकचा सा येतो ६१ वर आणि प येतो ६८ वर. म्हणजे माणसाचं जे काही दुःख सा ते प मध्ये मावतं, ते सगळं त्याच्या पॅडांवर नेमकं बसलेलं. सा म्हणजे कोंबडा. आणि करुण चाल फिरून फिरून सा वरच येते.

मी सेटिंगभाऊकडे पाहिलं. तो हेडफोन लावून यंत्राकडे टक लावून होता. काड्या मांडीवर, हात मोकळे, आणि पॅडांवरचे दिवे आपोआप लागत होते. त्याच्या तोंडावर भीती नव्हती. कौतुक होतं! मग एकदम भानावर येऊन तो मला दोन्ही हातांनी वर, वर अशा खुणा करू लागला. वरच्या सप्तकात जा म्हणून. वायर काढायची सोडून. चालू सीनमध्ये वायर काढत नसतात हा त्याचा नियम.

मी दोन सप्तकं वर गेलो. पॅड गप्प झालं खरं, पण तिथं ती चाल अशी वाजायला लागली की आढ्यावर चिमण्या भांडतायत. आई मरत होती, चिमण्या भांडत होत्या, आणि पोरगा "आई, मला सोडून जाऊ नकोस" म्हणत होता. लोकांच्या पदरांमागून आता वेगळेच आवाज यायला लागले. मी घाबरून खाली आलो. कोंबडा. परत पंचम. खोकला. परत पंचम. खोकला.

पहिल्या रांगेत गडबड उठली. शेजारच्यानं आबाजींची पाठ चोळायला घेतली. कोणीतरी तांब्या पुढं केला. "पानी पाजा गा बुढ्याले." आबाजी हात झटकत उभे राहिले. "मी नाई खोकललो! तोंड तरी हाललं का माह्यं?" पंचम. खोकला. "पाहा, पाहा, आता झाला तो मी नोहो!"

तेवढ्यात पडद्यामागून काकाजी आले. विडी कानावर. आमच्या दोघांच्या मध्ये वाकून त्यांनी ती वायर दोन बोटांत धरली आणि सेटिंगभाऊला विचारलं, "हिच्यातून आवाज जात नाई न?"

"नाई, पन..."

"मंग हिचं काम नाई." आणि खसकन ओढली.

सीन पार पडला. आई मेली, टाळ्या पडल्या. नेहमीपेक्षा जास्तच. पुढच्या गावच्या कमिटीतले दोघं बघायला आले होते, त्यांनी सकाळी आम्हाला गाठून विचारलं की तो बंदुकीनं मरायचा सीन आमच्याकडेही होईल ना. मुलगा झालेल्या पोरानं त्यांना दम देऊन विचारलं की नाटकाचं पुस्तक वाचलंय का.

मी सेटिंगभाऊला घरापर्यंत सोडायला गेलो, कारण त्याचं सामान माझ्या मोटारसायकलवर होतं. वाटेत तो एकच वाक्य बोलला. "मास्तर, तुमी पांढरी सातात वाजवलं असतं तं सा वर कोंबडा आला नसता." मी उत्तर दिलं नाही. पांढरी सातात चालीचा कुठलातरी दुसरा स्वर कोंबडा झाला असता, एवढं गणित तोवर मलाही यायला लागलं होतं.

पुनर्वसनातली घरं एका ओळीत, सारखी. वहिनींनी दोन कप चहा ठेवला आणि यंत्राकडे न बघता आत गेल्या. सेटिंगभाऊनं खाटेवर पॅड मांडलं. आधी चॅनल परत दहावर नेला. मग लोकल ऑफ केलं, चुकून हात लागून सकाळी सकाळी शेजार जागा व्हायला नको म्हणून. हेडफोन चढवला आणि किट नंबर एक उघडलं. सगळं मास्टरवर होतं. बाण खाली, सब. बाण खाली, सब. चहावर साय धरली.

आबाजी काठी टेकत येऊन त्याच्यासमोर उभे राहिले.

"करार एका खोकल्याचा होता," ते म्हणाले. "आज मी मोजले. अकरा. दोनशे वीस झाले."

सेटिंगभाऊला हेडफोनात काही ऐकू येत नव्हतं. बाण खाली, सब.

"दोनशे वीस!" आबाजी ओरडले, आणि त्या ओरडण्यानं त्यांना खरीच ढास लागली. साडेतीन सेकंदांची, शेवटी घरघर, मग उसासा.

सेटिंगभाऊचा हात थांबला. त्यानं हेडफोन कानांवरून खाली ओढला, नऊ नंबरच्या पॅडकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर," तो म्हणाला, "लोकल ऑफ केलं होतं न मी?"